हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्ज : पार्श्वभूमी

मित्रमंडळी हॉटेलात जेवायला बसली की शेवटी टीटीएमएम ठरलेलेच. एकजण सगळे बिल भरतो, मोबाइलवर भागाकार करतो आणि बाकीचे आपापला वाटा त्याला यूपीआय करतात. बिलातली दहा टक्क्यांची एक ओळ या गडबडीत सहसा कुणी वाचत नाही. एकट्याने आलेला माणूस कदाचित काउंटरवर विचारेलही. पण सहा जणांच्या टेबलावर 'हे कसले पैसे?' असे विचारणारा आपल्याच मित्रांत चिकट ठरतो. सर्व्हिस चार्ज इतकी वर्षे बिनबोभाट वसूल झाला, त्यात या संकोचाचा वाटा मोठा आहे.

हॉटेलातले जेवण ही वस्तूची विक्री की सेवा, हा प्रश्न जुना आहे. बसून जेवणे ही सेवा असल्याने त्यावर विक्रीकर लावता येणार नाही, असे १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्यावर उपाय म्हणून शेहेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि १९८३ पासून राज्यांना हा कर लावण्याचा रस्ता मोकळा झाला. पुढे २०११ मध्ये केंद्राने त्याच ताटाच्या सेवेच्या भागावर सेवा कर बसवला. आधी तो फक्त एसी आणि दारूचा परवाना असलेल्या हॉटेलांना होता. २०१३ मध्ये परवान्याची अट गेली आणि एसी असलेली सगळीच हॉटेले त्यात आली.

खरा घोळ इथून झाला. बिलावर राज्याचा व्हॅट, केंद्राचा सर्व्हिस टॅक्स आणि हॉटेलचा स्वतःचा सर्व्हिस चार्ज अशा ओळी एकाखाली एक छापल्या जाऊ लागल्या. त्यातल्या दोन सरकारी तिजोरीत जात, तिसरी मालकाकडे. वाचणाऱ्याला तिन्ही सारख्याच दिसत आणि तिन्ही सरकारनेच लावल्यात असे वाटे. हा गैरसमज दूर करण्याची हॉटेलांनी घाई केली नाही, हे म्हणावेच लागेल. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बहुतेक हॉटेलांसाठी तो पाच टक्क्यांवर आला. सर्व्हिस टॅक्स संपला, सर्व्हिस चार्ज मात्र राहिला.

त्याआधी एप्रिल २०१७ मध्येच केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढून हा आकार ऐच्छिक असल्याचे सांगितले होते. बिलावर सर्व्हिस चार्जचा रकाना कोरा ठेवावा आणि रक्कम ग्राहकाने भरावी, अशी त्यात सोय होती. सूचना साधी होती आणि चांगलीही. पण ती मोडली तर काय, याचे उत्तर तिच्यात नव्हते. त्यामुळे असा कोरा रकाना फारसा कुणाच्या पाहण्यात आला नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण ही नवी यंत्रणा उभी राहिली. ४ जुलै २०२२ रोजी तिने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तिथून आजचा वाद सुरू होतो. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, सक्ती करायची नाही, तो न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही, असे त्यांत सांगितले होते.

यातला शेवटचा मुद्दा हिशेबात पाहावा. सहा जणांचे जेवण ४,००० रुपयांचे झाले. पाच टक्के जीएसटी धरून ४,२०० रुपये, म्हणजे माणशी ७००. आता दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर ४,४०० होतात, जीएसटी त्या रकमेवर बसतो आणि बिल जाते ४,६२० रुपयांवर. माणशी ७७०. एकूण बिलातले २० रुपये हे निव्वळ सर्व्हिस चार्जवरचा कर आहेत. जे पैसे ऐच्छिक म्हणायचे, त्यांच्यावर कर भरणे मात्र सक्तीचे!

हॉटेलमालकांच्या संघटना लगेच दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या. ही प्रथा अनेक दशकांची आहे, आकार मेन्यू कार्डवर छापलेला असतो, किंमत कशी ठरवायची हा धंद्याचा प्रश्न आहे आणि ही रक्कम वेटरपुरती न राहता मोरीवर भांडी घासणाऱ्यापर्यंत पोचते, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टेबलावर ठेवलेली टीप वेटरला मिळते, भटारखान्यात घाम गाळणाऱ्याला त्यातले काही मिळेलच असे नाही. शिवाय यूपीआय आल्यापासून बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे ठेवण्याचा प्रसंगच कमी झालाय. पण कामगारांना नीट पगार द्यायचा असेल तर पदार्थांचे दर वाढवायला मालकांना कुणीही अडवलेले नाही. दर वाढला तर गिऱ्हाईक तो ऑर्डर देण्याआधी वाचते. सर्व्हिस चार्ज त्याच्यापुढे जेवण झाल्यावर येतो. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

न्यायालयाने जुलै २०२२ मध्येच तत्त्वांना स्थगिती दिली, मात्र अटी घालून. आकाराची माहिती ठळकपणे लावायची आणि पार्सलवर तो घ्यायचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एका संघटनेच्या सदस्यांपुरते नावच बदलले : 'स्टाफ कॉन्ट्रिब्यूशन' म्हणायचे आणि ते दहा टक्क्यांहून अधिक असू नये. नाव बदलून काय साधले, हे आजही कळत नाही. ओळ तिथेच राहिली.

अखेर २८ मार्च २०२५ रोजी एकल न्यायमूर्तींनी याचिका फेटाळल्या. सर्व्हिस चार्जची सक्तीची वसुली ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली, मार्गदर्शक तत्त्वे कायम झाली आणि याचिकाकर्त्या दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च भरायला सांगितला गेला. ग्राहकाने खुशीने टीप देण्याला मात्र आडकाठी नाही, हेही निकालात स्पष्ट केले.

त्यावर अपील झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्या सुनावणीत खंडपीठाने हॉटेलांना पाण्याच्या बाटलीवरून विचारले. छापील किमतीपेक्षा जास्त दराने बाटली विकण्याचे समर्थन हॉटेले तिथल्या वातावरणाचे आणि सेवेचे कारण देऊन करतात, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा त्यांना दिलीही आहे. वीस रुपयांच्या बाटलीचे शंभर लावताना सेवेचे पैसे घेऊन झाले, तर मग सर्व्हिस चार्ज कशासाठी, असा तो प्रश्न होता. दरम्यान, सांगूनही बिलातून ही रक्कम काढली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.