५९ नंबरची पोर्शे आणि तिचा दुकानदार

ही घडी घातलेली चिठ्ठी खोक्यात सापडली, म्हणजे तुम्ही आमच्याकडून ब्रुमोसच्या रेसच्या गाडीचं छोटं मॉडेल घेतलं आहे. आधी गाडी बाहेर काढून टेबलावर ठेवा, मग सावकाश वाचा. पारदर्शक झाकण सरळ वर उचला. गाडी खालच्या पट्टीला स्क्रूनं बसवलेली आहे, आरसे धरून ओढू नका. आमच्याकडे दुरुस्तीला परत येतात त्या जास्त करून आरसा तुटलेल्याच.

खऱ्या गाडीच्या ४३ पट लहान, साडेनऊ सेंटिमीटरहून जरा जास्त लांब. मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उचललेला भाग दिसतो ना, तो आमच्या माणसाची चूक नव्हे. या पोर्शे ९११ कॅरेरा आरएसआरची ती ओळखच आहे. वेगात मागची चाकं हलकी पडू नयेत म्हणून ती शेपटी दिलेली असते.

काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो: ही कारखान्याची रेसची गाडी का? नाही. ही एजन्सीची गाडी. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनविल नावाचं शहर आहे, तिथल्या ब्रुमोस नावाच्या पोर्शेच्या शोरूमची. आणि स्टिअरिंगवर शोरूमचा मालक, पीटर ग्रेग.

आमच्या वडिलांची स्कूटरची सब-एजन्सी होती. मालक म्हणजे काय, ते आम्ही तिथं पाहिलं. गल्ल्यावर बसायचं, नव्या गाडीला हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, गिऱ्हाईकाच्या हातात चावी आणि पेढा देऊन फोटो काढायचा, आणि महिनाअखेर कंपनीचे पैसे भरताना डोक्याला हात लावायचा. असला माणूस शनिवारी हेल्मेट घालून २४ तासांच्या शर्यतीत उतरतो आणि रविवारी जिंकून येतो, हे आमच्याही पचनी पडायला वेळ लागला. म्हणून हे माहितीपत्रक.

ब्रुमोस म्हणजे काय?

काही नाही. ते तारेच्या पत्त्यातलं नाव आहे. ह्यूबर्ट ब्रंडेज नावाच्या गृहस्थाचा ‘ब्रंडेज मोटर्स’ हा धंदा होता, फोक्सवॅगन आणि पोर्शे विकायचा. तारेत शब्दागणिक पैसे मोजावे लागत, म्हणून नाव आखडून ‘ब्रुमोस’ केलं आणि तेच पाटीवर चढलं. ब्रंडेज स्वतः रेस खेळायचा, म्हणजे ही खोड दुकानात ग्रेगच्या आधीपासूनच होती. १९६४ मध्ये तो रस्त्यावरच्या अपघातात गेला आणि पुढच्या वर्षी ग्रेगनं हे दुकान विकत घेतलं.

त्या वेळी ग्रेग पंचविशीत होता. जन्म न्यूयॉर्कचा, ४ मे १९४०. हार्वर्डमधून पदवी घेतलेली, मग नौदलात अधिकारी, आणि नौदलामुळेच जॅक्सनविलला आलेला. गाडीवरचा ५९ तिथूनच आला. ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजाचा तो क्रमांक. पत्रिका बघून निवडलेला नाही (हे विचारणारेही भेटतात).

दुकान सांभाळून रेस, की रेस सांभाळून दुकान?

अमेरिकेत मोटार विकणाऱ्यांची एक जुनी म्हण आहे. आपल्या भाषेत ती आपोआप यमकात बसते: रविवारी जिंका, सोमवारी विका. जी गाडी ट्रॅकवर पहिली येते तिची धाकटी बहीण सोमवारी शोरूमच्या काचेआड उभी असते. पण म्हण पाठ असणारे विक्रेते स्वतः गाडीत बसत नसत. ते दुसऱ्याला बसवत. रॉजर पेन्स्कीचंच बघा. उत्तम ड्रायव्हर, फॉर्म्युला वनच्या दोन शर्यतीही खेळलेला. १९६५ मध्ये फिलाडेल्फियात शेव्रोलेची एजन्सी हाती आली तेव्हा त्यानं हेल्मेट खुंटीला टांगलं आणि पुढे टीमचा मालक म्हणून नाव कमावलं. त्याच वर्षी ग्रेगनं एजन्सी घेतली. त्यानं हेल्मेट टांगलं नाही.

धंद्याच्या नजरेनं बघितलं तर त्यात वेडेपणा वाटतो तितका नाही. वर्कशॉप घरचं, मिस्त्री घरचे. ९११ चं हवेनं थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन रोज सर्व्हिसिंगला येणाऱ्या गाड्यांतही तेच, फक्त रेसच्या गाडीत त्याचा जोर वाढवलेला. कारखान्यात ओळख आधीपासून, कारण माल तिथूनच यायचा.

१९७१ मध्ये अमेरिकेत ‘इम्सा’ या रेस भरवणाऱ्या संघटनेची जीटी मालिका (रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या रेसच्या गाड्यांची) पहिल्यांदा भरली, तेव्हा ग्रेगनं ९१४-६ ही गाडी उतरवली. ९१४ म्हणजे पोर्शे आणि फोक्सवॅगननं मिळून काढलेली गाडी. ‘ही काही खरी पोर्शे नव्हे’ असं नाक मुरडणारे त्याही काळी होतेच. ग्रेग आणि हर्ली हेवूड या जोडीनं मालिकेतली पहिली शर्यत जिंकली आणि वर्षअखेरीचं विजेतेपदही वाटून घेतलं. शोरूममध्ये उठाव नसलेला माल ट्रॅकवर नेऊन दाखवायचा, ही निवड ड्रायव्हरपेक्षा दुकानदाराची वाटते. निदान आम्हाला तरी.

हेवूड कसा भेटला तेही सांगतो. जॅक्सनविलमध्ये एका पार्किंगच्या जागेत शंकू मांडून वेळेची स्पर्धा लागली होती. कॉर्व्हेट घेऊन आलेल्या कॉलेजच्या एका पोरानं ग्रेगला हरवलं. दुसरा कोणी असता तर तोंड फिरवून निघून गेला असता. ग्रेगनं पोराला जोडीदार करून घेतलं, आणि १९६९ मध्ये दोघं वॉटकिन्स ग्लेनला सहा तासांच्या शर्यतीत उतरले. मध्ये हेवूडला सक्तीच्या लष्करी भरतीत व्हिएतनामला जावं लागलं. परत आल्यावर त्याची जागा रिकामीच होती. पुढे तो २४ तासांच्या दोन मोठ्या शर्यतींपैकी फ्लोरिडातली डेटोना पाच वेळा आणि फ्रान्समधली ल मान्स तीन वेळा जिंकला. चांगला सेल्समन ओळखावा तसा ग्रेगनं ड्रायव्हर ओळखला.

डेटोना, ३ आणि ४ फेब्रुवारी १९७३

तुमच्या हातातल्या गाडीची गोष्ट ही. आरएसआर इतकी नवी होती की जीटी वर्गाच्या नियमांत बसवून घ्यायची कागदपत्रं अजून व्हायची होती. त्यामुळे तिला थेट प्रोटोटाइपच्या वर्गात उभं केलं. म्हणजे समोर फ्रेंच मात्रा, ब्रिटिश मिराज, लोला, सगळी फक्त रेससाठी बांधलेली जनावरं. आणि इकडे सुमारे ३०० अश्वशक्तीची, घरच्या गाडीच्या सांगाड्यावर उभी केलेली पोर्शे. तशा दोन होत्या. एक ब्रुमोसची आणि दुसरी त्याच पेन्स्कीच्या टीमची. एजन्सी घेऊन ड्रायव्हिंग सोडलेला आणि एजन्सी घेऊन न सोडलेला, दोघं एकाच गाडीनिशी समोरासमोर.

२४ तासांच्या शर्यतीत वेगापेक्षा गाडी टिकणं महत्त्वाचं. मोठ्या गाड्या एकेक करून बसल्या. पेन्स्कीच्या पोर्शेचं इंजिनही वाटेत गेलं. ब्रुमोसच्या गाडीच्या काचेवर एक समुद्रपक्षी आदळला, काच फुटली. ती बदलून गाडी पुन्हा बाहेर. दुसऱ्या दिवशी शर्यत संपली तेव्हा ग्रेग आणि हेवूडची गाडी पहिली होती आणि तिच्या ६७० फेऱ्या झाल्या होत्या, सुमारे ४,१०० किलोमीटर. थांबणं, पेट्रोल, टायर, पक्षी, सगळं धरून सरासरी ताशी १७० च्या पुढे. दुसरी आलेली फेरारी २२ फेऱ्या मागं, म्हणजे जवळपास १३५ किलोमीटर. पुण्याहून लोणावळ्याला जाऊन वडापाव खाऊन परत या, एवढं अंतर.

पुढच्याच महिन्यात सेब्रिंगची १२ तासांची शर्यतही याच जोडीनं मारली, तिसरा जोडीदार डेव्ह हेल्मिक. १९७४ मध्ये तेलाच्या टंचाईमुळे डेटोना झालीच नाही. १९७५ ला झाली आणि पुन्हा हीच जोडी पहिली.

या काळात ग्रेगला ‘पीटर परफेक्ट’ म्हणायला लागले. नाव कौतुकाचं, पण त्यात थोडा वैतागही आहे असं आम्ही समजतो. सगळं नेमकं हवं असणारा मालक पेपरात वाचायला बरा असतो. त्याच्या हाताखालच्या मिस्त्र्यांना विचारा.

पोर्शेचा विक्रेता बीएमडब्ल्यूत

१९७६ चा डेटोना जिंकला तेव्हा ग्रेग बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलमध्ये होता, सोबत ब्रायन रेडमन आणि जॉन फिट्झपॅट्रिक. त्या वर्षी पेट्रोलमध्ये पाणी निघालं, गाड्या बंद पडायला लागल्या, शर्यत थांबवावी लागली आणि क्रम मागच्या तासापासून धरला. पोर्शे विकणाऱ्या माणसानं बीएमडब्ल्यू जिंकवून आणायची, म्हणजे अमूलच्या एजन्सीवाल्यानं घरी दुसऱ्या डेअरीचं दूध लावण्यासारखं. पण इम्सा मालिकेचं विजेतेपद त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी अल होल्बर्टनं नेलं, शेव्रोले मॉन्झा चालवून. हा होल्बर्ट कोण? पेनसिल्व्हेनियात वॉरिंग्टनला पोर्शेची एजन्सी असणाऱ्या, स्वतः रेस खेळलेल्या बॉब होल्बर्टचा मुलगा. पोर्शेच्या दोन दुकानांतली स्पर्धा, आणि दोघांच्याही बुडाखाली पोर्शे नाही.

ग्रेग १९७७ मध्ये पोर्शेकडे परतला. १९७८ ला चौथ्यांदा डेटोना, आणि १९७८ व १९७९ अशी दोन्ही वर्षं इम्साचं विजेतेपद, पोर्शेच्या ९३५ या गाडीत. एकूण हिशेब: इम्सा सहा वेळा, ट्रान्स-अॅम ही अमेरिकेतली दुसरी मालिका दोनदा, डेटोनाचे २४ तास चारदा.

१९८० मध्ये ल मान्सच्या शर्यतीसाठी फ्रान्समध्ये असताना रस्त्यावर अपघात झाला. त्यानंतर एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या. अशा डोळ्यांनी रेस खेळायला परवानगी मिळेना. दुकान चालूच होतं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४०. हा मजकूर इथं घालावा की नाही यावर आम्हा भावांत वाद झाला. कोणत्याही खोक्यावर ही ओळ नसते, म्हणून शेवटी घातली.

धंदा पत्नी डेबोरानं हाती घेतला, आणि पुढे तीही रेसमध्ये उतरली.

तक्रार करण्याआधी

‘२००९ च्या डेटोना विजेत्या ब्रुमोसवर ५८ आहे, ५९ हवा होता,’ असे फोन येतात. ५८ बरोबर आहे. त्या वर्षी ब्रुमोसच्या दोन गाड्या होत्या. ५८ पहिली आली, ५९ तिसरी, आणि ५९ मध्ये हेवूडही होता. पहिल्या-दुसऱ्यात अंतर ०.१६७ सेकंदाचं. जिंकणाऱ्यांत डेव्हिड डोनोह्यू होता. १९७३ मध्ये पेन्स्कीची पोर्शे चालवणाऱ्या मार्क डोनोह्यूचा हा मुलगा.

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणारे विचारतात म्हणून: ब्रुमोसच्या गाड्यांचं संग्रहालय २०२० पासून जॅक्सनविलमध्येच आहे. तिथल्या गाड्या ४३ पट मोठ्या आहेत, सामानात बसत नाहीत.

गाडी उन्हात ठेवू नका, पांढरा रंग पिवळा पडतो. धूळ फडक्यानं नको, रंगकामाच्या मऊ कोरड्या ब्रशनं झटका, पुढून मागं. आरसा निखळलाच तर झटपट चिकटणारा गोंद लावू नका. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरा धुरकट डाग बसतो आणि तो जात नाही. लाकडाचा पांढरा गोंद टाचणीच्या टोकावर घेऊन लावा, रात्रभर हात लावू नका. तेही जमलं नाही तर आरसा कागदात गुंडाळून गाडीसकट आमच्याकडे आणा. बसवायचे पैसे घेत नाही. हरवलेल्या आरशाचे घेतो.