‘शॉकअप गेलं’: गाडीच्या खालच्या कामाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या तालुक्याच्या गॅरेजात ‘शॉकअप’ या एका शब्दात निदान चार वस्तू बसतात: झटका जिरवणारी तेलाची नळी, तिच्याभोवतीची स्प्रिंग, वरचं रबरी माउंट आणि कधी कधी शेजारचा लिंक रॉडसुद्धा (गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला जोडणारी काडी). गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘भाऊ, खड्ड्यात आवाज येऊन रायला.’’ मिस्त्री बॉनेटवर भार देऊन गाडी एकदा दाबतो नि ‘‘शॉकअप गेलं’’ म्हणून मोकळा होतो. खालच्या कामात वाया जाणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा या एका शब्दापायी जातो, असं मला तरी वाटतं.

हा घोळ कसा झाला ते बघायला बैलबंडीपासून सुरुवात करू. बंडीला ना स्टिअरिंग होतं ना स्प्रिंग. बैल वळले की बंडी वळायची, हादरा बसणाऱ्याच्या पाठीत जिरायचा आणि देखभाल म्हणजे आखाला वंगण. वळणावर आतलं चाक जास्त आणि बाहेरचं कमी वळवायची युक्ती युरोपातल्या घोडागाड्यांसाठी निघाली. लंडनमध्ये १८१८ साली तिचं पेटंट झालं. मोटारींनी ती तिथूनच उचलली.

आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांचं शिक्षण झालं ते जीपवर. स्वातंत्र्यानंतर इथे जुळणी होऊ लागलेल्या या गाडीला चारही चाकांवर पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पाटा भार पेलतो, आख जागेवर धरून ठेवतो आणि पट्ट्या एकमेकींवर घासतात त्यात थोडाफार झटकाही जिरतो. त्यामुळे शॉकअप पार कोरडं झालं तरी जीप शेतावर जाऊन परत येई. बसलेला पाटा भट्टीत तापवून त्याला पुन्हा कमान देणं लोहाराला जमायचं. पुढे अँबॅसेडरला पुढच्या बाजूला टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आला, फियाटला गोल स्प्रिंगा आल्या, पण मागे दोघींनाही पाटेच. देखभालीचा मुख्य भाग ग्रीसगन होता. निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) गन लावून, सांध्यातून जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत दाबत राहायचं, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तरी.

पावसाळ्याचा उल्लेख उगाच नाही. वऱ्हाडातली काळी कापसाची जमीन पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दरवर्षी थोडा उचलला जातो, थोडा बसतो, कडा खचतात आणि सपाट दिसणाऱ्या रस्त्यावर लाटा तयार होतात. खड्ड्याचा मार बुशवर (सांध्यातल्या रबरी नळीवर) आणि बॉल जॉइंटवर (चाकाजवळच्या गोळीच्या सांध्यावर) बसतो, लाटांचा शॉकअपवर. दोन्ही एकाच रस्त्यावर असतात, म्हणून कोणाचं काय गेलं हे आवाजावरून ओळखणं इकडे जास्त अवघड.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि शब्दाचा खरा घोटाळा तिथून सुरू झाला. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट होता. परदेशात १९५० च्या आसपास मोटारींत आलेल्या या रचनेत वरचा आर्मच (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा हात) नसतो. तेलाची नळी झटका जिरवते, तिच्याभोवतीची स्प्रिंग भार पेलते, आणि स्टिअरिंग फिरवलं की तोच खांब चाकासोबत वरच्या माउंटमध्ये फिरतो. म्हणजे झटका, भार आणि वळण अशी तीन कामं एका खांबावर आली. मिस्त्र्यांकडे त्या खांबासाठी नवा शब्द नव्हता. दिसायला तो शॉकअपसारखा होता, म्हणून ‘शॉकअप’.

शब्द एकच राहिल्यावर तपासणीही एकच राहिली. गाडी दाबून सोडली आणि ती एकदोनदा झुलून थांबली नाही, किंवा नळीवर तेल ओघळलेलं दिसलं, तर शॉकअप गेलं हे खरं. पण या तपासणीतून कळतं ते फक्त नळीचं. लहान खड्ड्यावर ‘टक टक’ करतो तो बहुतेक वेळा लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट किंवा लिंक रॉड. त्यासाठी चाक जॅकवर उचलावं लागतं. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं नि खेळ लागला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग बघायचं. नऊ आणि तीनच्या जागी लागला, तर स्टिअरिंगचा रॉड एंड किंवा रॅक. आर्मखाली टामी (लोखंडी पहार) घालून उचकलं की बुश बोलतो. दहा मिनिटांचं काम आहे. गाड्यांची रांग लागली की तेवढंही होत नाही.

दुसरा फरक ग्रीसचा. नव्या गाड्यांचे जॉइंट बंद, वर रबरी टोपी, निपल नाही. ‘देखभाल नको’ असा त्याचा अर्थ लावला गेला. खरं तर देखभाल टोपीकडे सरकली. ती फाटली की चिकट चिखल आत शिरतो, वाळतो आणि पॉलिश पेपरासारखा घासतो. बुश बदलताना आर्मचे बोल्ट चाकं हवेत असतानाच पक्के आवळण्याची सवयही जुन्या गाड्यांवरून आलेली असावी. गाडी जमिनीवर आली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. शेवटचा आवळ गाडीचा भार चाकांवर असतानाच द्यायचा असतो.

स्ट्रट उतरवून पुन्हा बसवला की चाकाचा कल थोडा बदलतो, म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, आलंच. जीपच्या काळात ते दोरी आणि टेपवर व्हायचं आणि बरंही व्हायचं. आता मशीन लागतं. ते जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, आणि पन्नास किलोमीटर जाऊन यायचा खर्च ऐकून ‘चालते तर खरी’ म्हणत गाडी घरी नेली जाते. चार-सहा महिन्यांत टायर आतून खाल्लेलं दिसतं. तेव्हा दोष टायरवाल्याला.

काळीपिवळीवाल्यांनी (सवाऱ्या वाहणाऱ्या जीपवाल्यांनी) यातून आपली वाट काढली. मागे पाटे असलेल्या गाडीत एक पट्टी वाढवायची नि सवाऱ्या बसवायच्या. मागच्या जादा भारामुळे पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं, स्टिअरिंग हलकं आणि बेभरवशाचं होतं. आरटीओच्या नजरेतून ते सुटतं, वळणावर सुटत नाही.

या शतकात इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग साध्या गाड्यांतही आलं. पूर्वी जॉइंट जाम व्हायला लागला की हाताला जड लागायचं. आता ते जडपण मोटर झाकते. रस्तेही बदलले. अमरावती-अकोला मार्गावर २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण पाच दिवसांच्या आत झालं आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, मोटारींना वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. पांदणीतून निघालेली गाडी आता अर्ध्या तासात त्या वेगाला पोचते आणि ऐंशी-शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं. हे बॅलन्सिंगचं दुखणं आहे, आणि पऱ्हाटीच्या दिवसांत त्याचं कारण बरेचदा रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला काळा चिखल असतो. पाण्याच्या पाइपानं रिम आतून धुतली की थरथर थांबते. गॅरेजात मात्र अशा गाडीलाही आधी शॉकअपच सांगितलं जातं.