गुंतवणूक विविधीकरण

गुंतवणूक विविधीकरण : सगळा पैसा एकाच मालमत्तेत न घालता, ज्यांचे चढउतार एकाच वेळी होत नाहीत अशा अनेक मालमत्तांत विभागून एकूण जोखीम कमी करण्याची पद्धत. अशा मालमत्तांच्या समुच्चयास गुंतवणूकसंच किंवा पोर्टफोलिओ म्हणतात.

ही कल्पना प्राचीन आहे. जमीन, व्यापार आणि हाताशी रोकड असे संपत्तीचे तीन भाग करावेत, असा सल्ला ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात आढळतो. धोक्यात घालायचा माल विभागून पाठवणे शहाणपणाचे, हे गणितज्ञ डॅन्येल बेर्नुली यांनी १७३८ मध्ये गणिताने दाखवले. अपेक्षित परतावा आणि जोखीम यांचा एकत्र विचार करून संच निवडण्याच्या आधुनिक सिद्धांताचे जनकत्व मात्र वादाचे आहे. ते सामान्यतः अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांच्या मार्च १९५२ मधील लेखाकडे दिले जाते; परंतु त्याच वर्षी जुलैमध्ये ए. डी. रॉय यांनी स्वतंत्रपणे जवळपास तीच मांडणी केली. त्याआधी १९४० मध्ये ब्रूनो दे फिनेत्ती यांनी पुनर्विम्याच्या (विमा कंपनीने आपली जोखीम दुसऱ्या कंपनीकडे सोपवण्याच्या) संदर्भात हाच प्रश्न हाताळला होता. मार्कोविट्झ यांनी पुढे दोघांचेही श्रेय मोकळेपणाने मान्य केले. तरीही रॉय एकच संच निवडतात, तर मार्कोविट्झ कार्यक्षम संचांची (दिलेल्या जोखमीत सर्वाधिक अपेक्षित परतावा देणाऱ्या संचांची) संपूर्ण श्रेणी देतात. त्यामुळे रूढ मत अगदीच निराधार म्हणता येत नाही. मार्कोविट्झ यांना १९९० चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

सिद्धांताचा गाभा सहसंबंधात, म्हणजे दोन मालमत्तांचे परतावे कितपत बरोबरीने हलतात यात आहे; तो +१ ते −१ या गुणांकाने मोजतात. प्रत्येकी २० टक्के प्रमाण विचलन (परताव्याच्या चढउताराचे माप) असलेल्या दोन रोख्यांत (समभाग, कर्जरोखे इ.) निम्मी-निम्मी रक्कम घातल्यास सहसंबंध गुणांक +१ असताना संचाचे विचलन २० टक्केच राहते, ० असताना सुमारे १४ टक्के होते, तर −१ असताना शून्यावर येते. परताव्याची सरासरी मात्र तिन्ही वेळा तीच. गुणांक सर्वत्र ०.३ असेल, तर समान वाटणीत रोख्यांची संख्या कितीही वाढवली तरी विचलन सुमारे ११ टक्क्यांखाली जात नाही. उरते ती सर्वच रोख्यांना एकदम भोवणारी बाजाराची जोखीम.

गुंतवणूकदार विवेकाने निर्णय घेतो, हे या सिद्धांतामागचे गृहीतक. माणसांच्या प्रत्यक्ष वागण्याचा अभ्यास करणाऱ्या वर्तनवादी वित्तशास्त्राने त्यावर आक्षेप घेतला. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की (१९७९) यांच्या मते तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख अधिक तीव्र असते. बेनार्ट्झी आणि थेलर (२००१) यांना निवृत्तियोजनांतील अनेक सभासद उपलब्ध पर्यायांत रक्कम जवळपास सारखी वाटून टाकताना दिसले. खुद्द मार्कोविट्झ यांनीही आपली निवृत्तीची रक्कम पश्चात्ताप टाळण्यासाठी समभाग आणि कर्जरोखे यांत निम्मी-निम्मी ठेवल्याचे सांगितले आहे.

किती रोखे पुरेत, यावर एकमत नाही. एव्हान्स व आर्चर (१९६८) सुमारे १० म्हणतात, स्टॅटमन (१९८७) किमान ३०.