निसर्गकविता वेगळी, पर्यावरणसाहित्य वेगळं

दर वर्षी ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनाच्या निमित्तानं, बालकवींच्या कविता ‘पर्यावरणाच्या कविता’ म्हणून वाचल्या जातात. बालकवी माझे अतिशय आवडते, म्हणूनच हे फार खटकतं.

निसर्गकविता आपल्याला शाळेपासून पाठ असते. ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या आठ ओळी. झरा, चार घरांचं गाव, पांढरी पायवाट, काळा डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. त्या झऱ्याचं कुणी काही बिघडवलेलं नाही. पाहणारा पाहतो, आणि तेवढ्यानं कविता पूर्ण होते.

घोटाळा होतो तो पुढे. झाडं-पाखरं आली की निसर्ग आणि त्यांच्याबद्दल हळहळ आली की पर्यावरण, असं लोक धरून चालतात. पण फरक हळहळीत नाहीच. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेचल कार्सनचं कीटकनाशकांवरचं पुस्तक ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) एका कल्पित गावाच्या वर्णनानं सुरू होतं. शेतं, फुललेल्या फळबागा, पाखरं असं सगळं त्यात आहे. तेवढाच उतारा वाचला तर कुणीही त्याला निसर्गवर्णन म्हणेल. मग पाखरं गप्प होतात. घरांच्या पन्हळींत आणि छपरांवर पांढरी भुकटी दिसते, काही आठवड्यांपूर्वी बर्फासारखी पडलेली. आणि कार्सन सांगते, ही करणी कुणा चेटकिणीची नाही, माणसांनीच हे केलं. पर्यावरणसाहित्य सुरू होतं ते इथे. कशामुळे काय झालं याची साखळी दिसते, आणि माणूस काठावर उभा न राहता त्या साखळीतलीच एक कडी होतो.

म्हणून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मी बिनदिक्कत पर्यावरणसाहित्यात धरते. तिथला दुष्काळ माणसानं आणलेला नाही, हे खरं. पण पाऊस गेला की चारा जातो, चाऱ्यामागं मेंढरं, मेंढरांमागं माणसं, आणि वाडी ओस पडते. ही साखळी काढून घेतली तर कादंबरीच उरत नाही.

गद्य की पद्य, जुनं की नवं, यानं काही ठरत नाही. आणि निसर्गकवितेला ‘पलायनवादी’ म्हणून हिणवणाऱ्यांचा तर मला रागच येतो. निरखून पाहणं हे कमी प्रतीचं काम नव्हे. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) महिन्यामागून महिना झाडांकडे, फुलांकडे किती बारकाईनं पाहतं! तरीही ते मी निसर्गलेखनातच ठेवते, कारण माणूस जिच्यात कडी आहे अशी साखळी हा त्या पुस्तकाचा विषयच नाही.