ट्रकचा सेल्फ न घेणे

किल्ली फिरवली किंवा बटण दाबले तरी इंजिन जागचे हलत नाही, या बिघाडाला गॅरेजात ‘गाडी सेल्फ घेत नाही’ असे म्हणतात. सेल्फ म्हणजे इंजिनला पहिले फेरे देणारी विजेची मोटर, म्हणजेच स्टार्टर. इंजिन फिरते पण चालू होत नाही, हा बिघाड वेगळा. त्याचे मूळ बहुतेक वेळा डिझेलच्या वाटेवर असते: लाइनमध्ये शिरलेली हवा, चोकलेला फिल्टर किंवा पंप. इंजिन फिरतच नसेल तर डिझेलकडे बघण्याचे कारणच नसते. तरीही घाईत हा फरक न करता हातपंप मारून हवा काढत बसलेली माणसे हायवेवर दिसतात.

विजेचा स्टार्टर चार्ल्स केटरिंग याने विकसित केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो पहिल्यांदा नियमितपणे बसवला गेला. त्याआधी पुढून हँडल मारावे लागे आणि हँडलचा उलटा फटका बसून मनगटे मोडत. डिझेल इंजिनात हवा सोळा-सतरा पटींनी दाबली जाते. ट्रकएवढे डिझेल इंजिन हाताने फिरवून चालू करणे जवळपास अशक्य असल्याने तिथे स्टार्टरला पर्याय राहिला नाही. स्टार्टरच्या पिनियनला, म्हणजे टोकाच्या छोट्या दातेरी चाकाला, दहाच्या आसपास दाते असतात आणि इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या (क्रँकबरोबर फिरणाऱ्या जड चाकावरच्या) रिंगला शंभराहून जास्त. लहानशी मोटर एवढे इंजिन फिरवते ती या दात्यांच्या प्रमाणामुळे आणि बॅटरीतून काही क्षण ओढलेल्या शेकडो अँपिअर करंटमुळे.

मध्यम आणि जड ट्रकांची वायरिंग २४ व्होल्टची असते. त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडतात. छोट्या मालवाहू गाड्यांत बहुधा १२ व्होल्टची एकच बॅटरी असते. बॅटरीची जाड केबल कट-ऑफ स्विचमधून थेट स्टार्टरच्या ३० नंबर टर्मिनलवर येते. किल्लीकडून येणारी बारीक वायर रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचमधून, ५० नंबर टर्मिनलवर येते. ५० वर करंट आला की स्टार्टरवरचा विद्युतचुंबक, म्हणजे सोलेनॉइड, पिनियनला रिंगकडे ढकलतो आणि आतला तांब्याचा जाड कॉन्टॅक्ट जोडून मोटरला करंट देतो. परतीचा रस्ता इंजिनच्या धातूतून, अर्थिंगच्या पट्टीतून चेसिसवर आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला जातो. साखळी एवढीच आहे आणि तपास तिच्याच क्रमाने करावा लागतो. अनुभवी वायरमन आधी किल्ली मारायला लावून कान देतो, कारण दोष या साखळीत कुठे आहे हे आवाजावरून बरेचसे कळते.

काहीच आवाज नाही आणि हेडलाइटचा उजेडही तसूभर कमी होत नाही, म्हणजे स्टार्टरपर्यंत हुकूमच पोहोचलेला नाही. अशा वेळी फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच, न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच आणि ५० ची बारीक वायर तपासावी. एकच जोरदार ‘टक’ येऊन पुढे शांतता असेल, तर सोलेनॉइड ओढतो आहे पण जाड करंट मोटरपर्यंत जात नाही, किंवा जाऊनही मोटर फिरू शकत नाही. आत जळालेला कॉन्टॅक्ट, मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे पण झिजलेले कार्बन, शाफ्टला आधार देणारे पण बसलेले बुश, जाम इंजिन यांपैकी काहीही असू शकते. ‘टकटकटक’ असा ताशा वाजू लागला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा जोड ढिला असतो: सोलेनॉइड ओढतो, लोड येताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढतो. मोटर घूं करून फिरते पण इंजिन जागेवरच, तर पिनियनचा एकदिशा क्लच घसरतो आहे किंवा रिंगचे दाते गेले आहेत. रिंग सगळीकडे सारखी झिजत नाही. बंद होताना इंजिन कॉम्प्रेशनमुळे ठरावीक जागांवरच थांबते, चार सिलिंडरचे दोन जागी आणि सहा सिलिंडरचे तीन जागी. पिनियनचा मार तिथल्याच दात्यांवर बसतो. म्हणून अशी गाडी गियरमध्ये टाकून थोडी हलवली की पुढच्या वेळी सेल्फ घेते आणि ड्रायव्हरला दोष गेल्यासारखा वाटतो.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती ‘लाइट लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी चांगली’ या समजुतीमुळे. टर्मिनलवर चढलेल्या बुरशीमुळे एखाद्या जोडात ०.०२ ओहम एवढाच रोध आला असे समजू. २४ व्होल्टच्या दोन हेडलाइट मिळून सुमारे ६ अँपिअर घेतात, त्यामुळे त्या जोडात ०.१२ व्होल्ट जातात आणि उजेडात फरक कळतही नाही. त्याच जोडातून स्टार्टर ३०० अँपिअर ओढायला गेला तर ६ व्होल्ट तिथेच संपतात. मोटरला उरतात अठरा, आणि बॅटरीचे स्वतःचे व्होल्टेज लोडखाली खाली येते ते वेगळेच. त्यामुळे लोड नसताना मीटर लावून मिळालेला आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

बॅटरी तपासताना दोन्हींचे माप वेगवेगळे घ्यावे. काही तास उभ्या असलेल्या, पूर्ण चार्ज बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या पुढे असते, निम्म्या चार्जला ते १२.२ च्या आसपास येते आणि १२.० ला बॅटरी जवळपास रिकामी असते. हायड्रोमीटरवर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीवर) भरलेल्या सेलची घनता १.२६ ते १.२८ दिसते. सहापैकी एकाच सेलची घनता फार कमी असेल तर त्या बॅटरीला चार्जिंगवर लावून उपयोग नाही. टेप किंवा केबिनचे दिवे १२ व्होल्टचे असतील तर अनेकदा दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढलेली असते. ती बॅटरी रोज थोडी जास्त उतरते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि शेवटी जोडी बिघडते. जुन्या बॅटरीशेजारी एकच नवी बसवल्यानेही हेच होते. जोडी एकदम बदलणे महाग वाटले तरी तेच योग्य आहे.

यानंतर जोडांची पाळी येते, आणि माझ्या मते हा संपूर्ण तपासाचा गाभा आहे. मल्टीमीटरचा लाल पिन पॉझिटिव्ह बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर धरायचा, वरच्या क्लँपवर नव्हे, आणि काळा पिन स्टार्टरच्या ३० नंबर बोल्टवर. क्लीनरला किल्ली मारायला सांगायचे. केबल आणि जोड चांगले असतील तर मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आत काहीतरी दिसते. दोन-तीन व्होल्ट दिसले तर दोष त्याच वाटेवर आहे, आणि एकेक जोड मध्ये घेत पुढे सरकले की तो सापडतो. मग हेच माप स्टार्टरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापर्यंत घ्यायचे, कारण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि त्याची चेसिसशी विजेची गाठ मुख्यतः अर्थिंगच्या विणलेल्या पट्टीनेच पडते. पट्टी कुजली की करंट दुसरी वाट शोधतो. जुन्या गाड्यांत किल्ली मारताना ॲक्सिलरेटरची केबल तापू लागली, तर अर्थिंग गेले असे समजावे. हाताशी मीटर नसेल तर दहा सेकंद प्रयत्न करून जोडांना जपून हात लावून पाहावा. जो जोड बाकीच्यांपेक्षा गरम, तो खराब. दोन बॅटऱ्यांमधली आखूड केबल आणि कट-ऑफ स्विच यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि स्विचचे आतले कॉन्टॅक्ट जळालेले बाहेरून दिसत नाहीत.

टर्मिनलची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने जाते. सोड्याचे पाणी सेलमध्ये जाऊ द्यायचे नाही, खुंट घासून चकचकीत करायचा, क्लँप आवळायचा आणि नंतर वरून पेट्रोलियम जेली लावायची. क्लँपच्या आत ग्रीस भरून मग आवळणे योग्य नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत हे काम लवकर लवकर करावे लागते. विदर्भाच्या उन्हाळ्यात सेलमधले पाणी झपाट्याने कमी होते, तिथे डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहणे महत्त्वाचे. गळीत हंगाम संपल्यावर पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या ऊसवाहतुकीच्या गाड्यांचे दुखणे आणखी वेगळे. बॅटरी आपोआप उतरून तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट होते आणि पिनियन गंजून शाफ्टवर सरकेनासा होतो.

बॅटरी आणि जोड दोन्ही चांगले असूनही इंजिन हलत नसेल, तर स्टार्टर उतरवण्याआधी इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. किल्ली बंद करून, गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावायचा आणि पूर्ण दोन फेरे काढायचे. इंजिन अजिबात हलले नाही तर ते ऑइलअभावी किंवा तापून जाम झालेले असू शकते. थोडे फिरून एका जागी दगडासारखे थांबत असेल आणि उलटे मोकळे फिरत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचल्याचा संशय घ्यावा. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागल्या. पुरात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. आधी बॅटरी सोडवावी, इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवावे, पाणी बाहेर काढावे, ऑइल बदलावे आणि मगच पुढे जावे.

रस्त्यावरचे उपाय जपून करावेत. कार्बन अडकला असेल तर स्टार्टरच्या बॉडीवर लाकडी दांड्याने हलके ठोकल्यावर तो एकदोनदा चालतो. चुंबक असलेल्या नव्या स्टार्टरला हातोडी मारली तर चुंबकच तडकतो. पान्याने ३० आणि ५० टर्मिनल शॉर्ट करणे ही सर्वांत धोकादायक सवय आहे. गाडी गियरमध्ये असताना सेल्फ अडवणाऱ्या न्यूट्रल स्विचला वळसा दिलेला असतो, त्यामुळे गाडी गियरमध्ये असेल तर ती तशीच पुढे सरकते, आणि पाना धरणारा माणूस चाकाशेजारी किंवा गाडीखाली असतो. ही चाचणी करणे भागच असेल तर गाडी न्यूट्रलला आहे याची स्वतः खात्री करावी, पार्किंग ब्रेक ओढावा आणि चाकांना दगड लावावेत. किल्ली एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, आणि मग मोटरला निदान एक मिनिट थंड होऊ द्यावे.

बॅटरी कमजोर झाली की गाडी उतारावर लावण्याची रीत जुनी आहे. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला ती चालते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत डिझेलचे इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटवर चालते. बॅटरी पूर्ण बसली असेल तर ते जागेच होत नाही आणि उताराचा उपयोग होत नाही. अशा गाड्यांत अनेकदा स्टार्टरचा रिलेही त्याच युनिटच्या ताब्यात असतो. गियर पडलेला दिसला, क्लचचा सिग्नल आला नाही किंवा चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरने किल्ली ओळखली नाही, तर ते सेल्फला परवानगीच देत नाही. म्हणून तिथे पाना हातात घेण्याआधी डॅशबोर्डवरचा संदेश आणि फॉल्ट कोड वाचावा. शिवाय ब्रेकच्या हवेचे प्रेशर उतरलेले असेल तर स्प्रिंग ब्रेक लागलेलेच राहतात आणि धक्का देऊनही गाडी हलत नाही.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा तर दोन्हींचे व्होल्टेज सारखेच हवे. १२ व्होल्टच्या गाडीला २४ चा करंट दिला तर वायरिंग आणि कंट्रोल युनिट जळू शकते. आधी पॉझिटिव्ह जोडावा. निगेटिव्ह केबलचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता तिच्यापासून दूर चेसिसवर लावावे, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन एका ठिणगीने पेट घेतो. गाडी चालू झाली की दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून मीटर २७.५ ते २८.५ व्होल्ट दाखवायला हवा. तो २५ च्या आसपासच रेंगाळत असेल तर बॅटरी उतरण्यामागे अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा रेग्युलेटर आहे, आणि इंजिन बंद केल्यावर सेल्फ पुन्हा घेणार नाही.