पहिला फ्लाय रॉड घेण्याआधी

फ्लाय फिशिंग सुरू करायचं म्हणून येणारे बहुतेक जण आल्या आल्या रॉडबद्दल विचारतात. त्यावर आमचेच प्रश्न सुरू होतात. कुठे जाणार, ओढ्यावर, मोठ्या नदीवर, तळ्यावर की समुद्रावर? कोणता मासा? याआधी कधी गळ टाकलाय का? हे काहीही न विचारता कोणी तुमच्या हातात रॉड ठेवत असेल तर तिथून निघा, मग ते दुकान आमचं का असेना.

विचारायचं कारण सांगतो. नेहमीच्या गळाला शिशाचं किंवा आमिषाचं वजन असतं. ते वजन पुढे जातं आणि बारीक दोरा त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, लोकर, दोरा बांधून केलेला नकली किडा, त्यामुळे तिला वजन जवळजवळ नसतंच. इथे फेकायची असते ती लाइन, आणि फ्लाय तिच्या टोकाला बांधलेली असते म्हणून पोचते. म्हणूनच लाइन जाड आणि वजनदार असते, आणि रॉड तिच्या वजनाला जुळणारा लागतो.

हे वजन नंबरात सांगतात. लाइनच्या पहिल्या 30 फुटांचं वजन 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम असेल तर ती 5 नंबर. 210 ग्रेन असेल तर 8 नंबर. रॉडच्या मुठीच्या वर हाच नंबर छापलेला असतो. ट्राउट माशासाठी 9 फुटी, 5 नंबरचा रॉड नवख्याला पुरून उरतो. अगदी चिंचोळ्या ओढ्यावर 3 किंवा 4 नंबर बरा. दांडगे मासे, मोठ्या फ्लाय किंवा खारं पाणी असेल तर 8 नंबर घ्या. ‘सगळ्याला चालेल’ असा रॉड नसतो.

कडक, ‘फास्ट’ रॉड लांब फेकतो म्हणून त्याचं कौतुक फार. पण सुरुवातीला मध्यम ॲक्शनचाच घ्या. तो मधोमध वाकतो, त्यामुळे लाइनचा ताण हाताला कळतो आणि मागे गेलेली लाइन सरळ होईपर्यंत थांबायची सवय लागते. न थांबता घाईने पुढे फेकलंत तर चाबकासारखा आवाज येतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात फ्लाय तुटून गेलेली असते.

पैसे कमी असतील तर रॉड मध्यम घ्या, लाइन चांगली घ्या. रीलवर सगळ्यात शेवटी खर्च करा. छोटा मासा आपण हातानेच लाइन ओढून आणतो, तोवर रील नुसती लाइन सांभाळत असते. समुद्रावर मात्र चांगला ड्रॅग, म्हणजे मासा पळताना लाइनला रोखणारा ब्रेक, आणि न गंजणारी रील हवीच. स्वस्त लाइनच्या गुंडाळ्या सुटत नाहीत आणि टोक बुडत राहतं. मग माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. पहिली लाइन तरंगणारी, वेट फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या भागात वजन असलेली घ्या. 5 नंबरच्या खोक्यावर ‘डब्ल्यूएफ5एफ’ असं लिहिलेलं असतं.

लाइनपुढे लीडर, म्हणजे 9 फुटी निमुळता दोरा, आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोरा. टिपेटचा आकडा वाढला की जाडी कमी होते. 11 मधून आकडा वजा केला की इंचाच्या हजारांश भागात जाडी मिळते, म्हणजे 5एक्स ही 0.006 इंच. गळाचे आकडेही असेच उलटे चालतात.

रॉड घेण्याआधी चांगलं दुकान तो बाहेर मोकळ्या गवतावर, योग्य लाइन लावून फेकून बघू देतं. रीलवर बॅकिंग (लाइनच्या मागचा जादा दोरा), लाइन आणि लीडर तुमच्यासमोर चढवून गाठी शिकवतं. जवळच्या पाण्यावर सध्या कोणते किडे उडताहेत, परवाना कुठला लागतो, हेही त्यांना माहीत असतं. रॉडचं टोक मोडलं तर तेवढाच तुकडा बदलून मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा. मोडतं ते बहुधा टोकच.

जुना रॉड घ्यायलाही हरकत नाही. कापसाचा बोळा लाइन जाते त्या प्रत्येक कडीतून फिरवून बघा. तंतू अडकले की तिथे चीर आहे, आणि ती चीर नवी लाइन खरवडून काढते. तुकडे जोडताना जोड सैल लागला तर सोडून द्या.

गॉगल आणि टोपी पहिल्या दिवसापासून घाला, कारण गळ डोक्याजवळून जातो. विजेच्या तारांखाली किंवा गडगडाटात कार्बनचा रॉड उभारू नका, त्यातून वीज वाहते. वेडर्सची, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीची घाई करू नका. पुढे घ्याल तेव्हा फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळव्याचे बूट त्या पाण्यावर चालतात का, हे बघा. अशा तळव्यांना चिकटून शेवाळ एका नदीतून दुसरीत जातं म्हणून न्यूझीलंडने 2008 साली त्यांच्यावर बंदी आणली. बिनकाट्याचा गळ मात्र आम्ही सगळ्यांनाच देतो. मासा सोडणं सोपं जातं, आणि चुकून कानात घुसला तर काढणंही.

रॉड फेकून बघायचा असेल तर शक्यतो वारा नसताना या. वारा जोराचा असेल तर आम्ही त्या दिवशी नुसत्या गाठी शिकवू, विकणार काही नाही.