घर असलेल्या बेघर स्त्रिया: ब्रिटनमधील महिला निवारागृहांच्या एकजुटीची पार्श्वभूमी

मारहाणीमुळे मुलांना घेऊन घराबाहेर पडलेल्या स्त्रीला बेघर म्हणायचे की नाही, हा प्रश्न आज विचित्र वाटेल. परंतु 1970 च्या दशकापर्यंत ब्रिटनमधील अनेक कौन्सिलांच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, दृष्टीने त्याचे उत्तर नकारार्थीच होते. नवऱ्याच्या नावावर घर आहे, त्या घराला छप्पर आहे, मग तिने तेथे परत जावे, असा तो सरळ हिशेब होता. तो मोडून काढण्याचे काम निवारागृहे चालवणाऱ्या स्त्रियांनी केले, आणि एकेकटीने चालवलेल्या घरांपेक्षा त्यांच्या संघटनेचा त्यात मोठा वाटा होता.

मुळात अडचण 1948 च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्यात होती. अचानक निवारा गमावलेल्यांची तात्पुरती सोय करण्याची जबाबदारी या कायद्याने समाजकल्याण खात्याकडे दिली, मात्र कायमची घरे गृहनिर्माण खात्याच्या हाती राहिली, आणि या दोन खात्यांच्या मध्ये कुटुंबे वर्षानुवर्षे अडकून पडली. अनेक वसतिगृहांत फक्त आई आणि मुलांनाच प्रवेश मिळे, वडिलांना बाहेर राहावे लागे, आणि ठरावीक मुदत संपली की मुलांना सरकारी ताब्यात घेतले जाण्याची टांगती तलवार असे. केंटमधील किंग हिल वसतिगृहात 1965-66 मध्ये काही पतींनी हा नियम झुगारून बायका-मुलांसोबत मुक्काम ठोकला, तेव्हा कौन्सिल त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेली. डिसेंबर 1966 मध्ये बेघरांसाठी काम करणारी 'शेल्टर' ही संस्था स्थापन झाली आणि बेघर कुटुंबांचा प्रश्न देशभर चर्चेत आला. तरीही या सगळ्या चर्चेत डोळ्यांसमोर असलेले कुटुंब घरमालकाने बाहेर काढलेले होते. नवऱ्याच्या भीतीने पळालेली बाई त्या चित्रात नव्हती.

ती दिसू लागली 1971 मध्ये, पश्चिम लंडनमधील चिझिक येथे. एरिन पिझी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी परिसरातील बायकांना एकत्र बसता यावे म्हणून एका छोट्या घरात केंद्र सुरू केले होते. गप्पांसाठी उघडलेल्या या घरात अंगावर वळ घेऊन आलेल्या स्त्रिया रात्री परत जाईनात, आणि केंद्राचे निवारागृह झाले. (मराठी वाचकाला येथे आठवावे की चिझिकपासून फार दूर नसलेल्या फुलम येथे, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले स्त्रियांचे आश्रयगृह पंडिता रमाबाईंनी 1883 नंतरच्या आपल्या इंग्लंडमधील वास्तव्यात पाहिले होते, आणि त्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला होता. मात्र ते गृह समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांच्या उद्धारासाठी होते. चिझिकमध्ये आलेल्या स्त्रियांना उद्धार नको होता, दाराला आतून कडी हवी होती.) आलेल्या कोणालाही परत पाठवायचे नाही, या धोरणामुळे गर्दी इतकी वाढली की चिझिकच्या नंतरच्या घरात कौन्सिलने 36 जणांची मर्यादा घातलेली असताना 75 जण राहत असल्याचे आढळले, आणि त्यावरून झालेला खटला 1977 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायपीठापर्यंत, पोहोचला.

दरम्यान इतर शहरांतही अशी घरे निघत होती, आणि त्यांना एकमेकींची गरज लवकरच जाणवली. पळून आलेल्या स्त्रीला बहुधा स्वतःच्या गावात राहणेच धोक्याचे असते, म्हणून एका गावच्या निवारागृहाला दुसऱ्या गावच्या निवारागृहाशी संबंध ठेवावाच लागतो. शिवाय नव्या गावची कौन्सिल 'ही आमच्या हद्दीतली नाही' म्हणून हात झटकते, तेव्हा त्या कौन्सिलशी एकट्या घराने भांडून भागत नाही. 1974 मध्ये सुमारे 40 निवारागृहांनी मिळून नॅशनल विमेन्स एड फेडरेशनची स्थापना केली. ही एकजूट सुरळीत झाली, असे म्हणता येणार नाही. संघटनेत प्रत्येक घर स्वायत्त आणि समान असावे, निर्णयांत तेथे राहणाऱ्या स्त्रियांचा सहभाग असावा, असा बहुसंख्य गटांचा आग्रह होता. सर्वांत प्रसिद्ध असलेले चिझिक मात्र या रचनेत सामावले नाही आणि वेगळे राहिले. माझ्या मते या फुटीमुळे चळवळीचे फारसे नुकसान झाले नाही, कारण संसदेपुढे जाताना एका व्यक्तीच्या करिष्म्यापेक्षा अनेक शहरांतून आलेली सारखीच तक्रार अधिक वजनदार ठरली.

कौटुंबिक हिंसाचारावर नेमलेल्या संसदीय निवड समितीने 1975 मध्ये दर 10,000 लोकसंख्येमागे एका कुटुंबाची जागा निवारागृहांत असावी, अशी शिफारस केली. 1976 मध्ये मजूर पक्षाच्या खासदार जो रिचर्डसन यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून हिंसक पतीला किंवा जोडीदाराला घराबाहेर काढण्याचा आदेश देण्याचे अधिकार न्यायालयांना मिळाले. पण निर्णायक ठरला तो 1977 चा बेघर व्यक्तींविषयीचा गृहनिर्माण कायदा. लिबरल पक्षाचे स्टीफन रॉस यांनी मांडलेल्या आणि शेल्टरसह अनेक संस्थांच्या संयुक्त गटाने पाठपुरावा केलेल्या या कायद्यात, घरात राहिल्यास तेथील दुसऱ्या व्यक्तीकडून हिंसा होण्याचा संभव असेल, तर घर असूनही ती व्यक्ती बेघर मानली जाईल, अशी तरतूद झाली. जेथे कौटुंबिक हिंसेचा धोका आहे, त्या हद्दीत तिला परत पाठवता येणार नाही, हेही त्यात आले. त्याच वेळी 'स्वतःहून बेघर झालेल्यां'ना कायमचे घर नाकारण्याची पळवाटही कायद्यात शिरली.

त्यानंतर कौन्सिलांनी नवा मुद्दा काढला: निवारागृहात जागा मिळाली, म्हणजे ती आता बेघर कुठे राहिली? हा युक्तिवाद मान्य झाला असता, तर निवारागृहांच्या अस्तित्वामुळेच स्त्रियांचा घराचा हक्क बुडाला असता, कारण मग हक्क सांगण्यासाठी त्यांना आधी तेथून बाहेर काढावे लागले असते. 1982 मध्ये ईलिंग कौन्सिलविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला, आणि 2009 मध्ये मँचेस्टरच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनेही निवारागृहातील स्त्री साधारणपणे बेघरच राहते, असे ठरवले. हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे, हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केले.

यातली एक उणीव मात्र फार काळ टिकली. 1977 च्या कायद्याने सोबत मुले असलेल्या स्त्रीला घरासाठी आपोआप प्राधान्य दिले. एकट्या स्त्रीला आपण विशेष असुरक्षित आहोत, हे सिद्ध करावे लागे. इंग्लंडमध्ये हिंसाचारामुळे बेघर झालेल्या प्रत्येकीला आपोआप प्राधान्य मिळाले ते 2021 च्या कौटुंबिक अत्याचार कायद्याने, म्हणजे 44 वर्षांनी. याच कायद्याने सुरक्षित निवासातील पीडितांना आधार पुरवणे हे स्थानिक प्रशासनाचे वैधानिक कर्तव्य ठरवले. लग्नानंतर पतीच्या आधारावर व्हिसा मिळवून गेलेल्या भारतीय स्त्रियांचा प्रश्न त्याहून बिकट आहे, कारण व्हिसाच्या अटीनुसार त्यांना सरकारी साहाय्यावर हक्क नसतो आणि त्यांचा खर्च कोण देणार, या प्रश्नावर निवारागृहाचे दारही अडते. 1979 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या, आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी काम करणाऱ्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या गटांनी हा विषय लावून धरल्यानंतर 2012 पासून अशा स्त्रियांपैकी काहींना तीन महिने सरकारी साहाय्य घेण्याची सवलत मिळू लागली; विद्यार्थी किंवा तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरील पतीसोबत आलेल्यांना तिचा लाभ नव्हता.